अँकरशिवाय वाढदिवस

८ नोव्हेंबर, शनिवार

मैत्रीच्या वर्गातल्या विहानचा वाढदिवस. इथेच खराडीत, ऑफिसांच्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. मला वाटलं, हॉल असेल. हॉल कसला, जंगल. छतापर्यंत फुग्यांचा हत्ती, आणि त्याची सोंड हलत होती! केक धुरातून आला, चार जणांनी पालखीसारखा धरून. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आमच्याकडे शिरा झाला की आपण एक वर्षाने मोठे झालो, एवढंच कळायचं.

चमचमत्या कोटातला एक मुलगा माईक घेऊन ओरडत होता. त्याला अँकर म्हणतात. अँकर म्हणजे नांगर, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं. हा नांगर कुणालाच जागेवर थांबू देत नव्हता. प्रत्येक मुलाच्या तोंडाशी माईक: नाव सांगा, विहानला विश करा.

मग मैत्रीची पाळी. माझी नात बोलताना अडते. म, ब, प आले की ओठ मिटतात ते उघडत नाहीत. आणि नाव ठेवलं आहे मैत्री.

"म... म... म..."

"मम्मी पाहिजे? अरे, किधर है मम्मी?"

सगळा हॉल हसला. आयासुद्धा. मी उठलेच होते. सून प्रणालीने मनगट धरलं. "आई, नका. तिला अजून वाईट वाटेल."

मैत्रीने माईक परत दिला. दोन्ही हातांनी, नीट. रडली नाही. केकही खाल्ला.

त्या कोटवाल्याला मी...

जाऊ दे.


१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी प्रणालीने विषय काढला. "अकरा डिसेंबर जवळ आला. पार्टी कुठे करायची, सांग."

मैत्रीने दुधाचा पेला खाली ठेवला. "नको. मी या वर्षी सातच राहते."

राहुल हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. माझा मुलगा तसा उशिराच थांबतो.

आमच्या खात्यात निवृत्ती लांबवायला जन्मतारीख बदलून घेणारे मी पुष्कळ पाहिले. पण वाढणंच नाकारणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. रडारड नाही, हट्ट नाही. ठरवून टाकलंय. एवढ्याशा जिवात एवढा निर्धार येतो कुठून?


१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात खडाजंगी.

रा. म्हणतो, वर्गातल्या सगळ्यांकडे जेवून आलो, आता आपण बोलावलं नाही तर बरं दिसणार नाही. हॉल बुक करू.

"घरी बोलाव," मी म्हटलं.

"आई, घरी हल्ली कोण करतं?"

"माणसं."

मला वाटलं होतं प्र.ला हत्ती हवाय, सोंडेसकट. तसं बोलूनही दाखवलं. ती चिडली की तिच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं. "काहून घरी? हॉलमध्ये गोंगाट राहते, कोणाचं लक्ष नसते. घरी तिला दारात उभं राहून एकेकाशी बोला लागते. तिथं अडली तं?"

ही बाई आपल्या मुलीला गोंगाटात लपवायला निघाली होती, आणि मी तिला दिखाऊ समजत होते. आई झालेल्या बाईचं डोकं कुठवर पोचतं! मीही आई आहे. माझं नव्हतं पोचलं.


१५ नोव्हेंबर, शनिवार

प्र.बरोबर हॉल बघायला. मॅनेजर म्हणजे एक टाय आणि त्याच्यावर चेहरा. जंगल, परीकथा, अंतराळ, काय हवं ते. अंतराळाच्या खोलीत त्याने दिवे घालवले. डोक्यावर तारे, पायाखाली तारे, भिंतच नाही. खराडीच्या आकाशात वर्षभरात मिळून एवढे दिसत नाहीत. हात लावावासा वाटला. लावला. गार भिंत.

प्र. मधोमध उभी, मान वर करून. अगदी लहान दिसत होती. "माझ्या वाढदिवसाला शाळेचा युनिफॉर्म घ्यायचे, आई. नवाच की तो पण."

दिवे लागले. संपलं.

"बर्थडे गर्लची एंट्री कशी हवी, मॅडम? रॉकेटमधून?"

"पायांनी," मी.

प्र.ने सांगितलं, अँकर नको. तो म्हणाला, अँकर पॅकेजमध्येच येतो. मग त्याला गप्प बसवा, मी म्हटलं. "मॅडम, तो गप्प बसला तर मुलं काय करणार?"

"खेळतील."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मुलांना विहिरीत सोडा म्हणाले.

शनिवार-रविवार सगळे भरलेले. "एक सहा डिसेंबर मोकळा आहे, मॅडम. शनिवार असून!" प्र. शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी आमच्या घरात फुगे लावत नाहीत." त्याला कळलं नाही. आम्हीही समजावत बसलो नाही.

परतताना प्र.: "घरीच करू. पण आकाश भारी होतं ना, आई?"

होतं. खोटं कशाला लिहू.


१९ नोव्हेंबर, बुधवार

मैत्री माझ्या खोलीत आली. वाटाघाटीला.

"आजी, घरी केली तर माईक असेल?"

"आपल्या घरात माईक लावला तर मीच सोसायटीत तक्रार करीन."

"आणि नाव सांगायला लावशील?"

"ज्यांना तुझं नाव माहीत नाही ते येतील कशाला?"

विचार केला. पाय हलवत. "गाणं चालेल. सगळे मिळून म्हणतात तेव्हा माझं अडत नाही."

संध्याकाळी वंदनेला बसलो तेव्हा कान देऊन ऐकलं. त्रिशरण, पंचशील, सगळं. ब आले, प आले, म तर ओळीओळीला. कुठेही अडलं नाही. वाहतं पाणी. प्र. म्हणते, स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलंय, बरोबरीने म्हणताना बहुतेकांचं असंच होतं. का होतं? बाईंनाही पुरतं ठाऊक नाही म्हणे.

म्हणजे एकटं असलं की तोंडाला कुलूप, आणि शेजारी दुसऱ्याने तोंड उघडलं की आपलंही उघडतं. सगळी हयात सरकारी खात्यात गेली, तिथे चमत्कार बघायची सोय नव्हती. हा रोज माझ्या शेजारी मांडी घालून बसतोय.

आठ व्हायला तयार आहे.


५ डिसेंबर, शुक्रवार

वर्गाच्या आयांचा ग्रुप. प्र.ने निमंत्रण टाकलं. लगेच: वेन्यू? प्र.: आमचं घर. मग लाल बदामांच्या चित्रांची रांग, आणि "ऑऽ, सो स्वीट!" घरात राहण्याबद्दल माझं कुणी एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

एकीने विचारलं, क्लब हाऊस का? नाही, बाहेरच्या खोलीत. दुसरीने विचारलं, मग ॲक्टिव्हिटी काय? प्र.ने मला विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, लिही, धावणं. तिने तसंच लिहिलं! सून कामाची निघतेय.

उद्या सहा, महापरिनिर्वाण दिन. आज सामान आणून ठेवलं, उद्या काही नाही.


११ डिसेंबर, गुरुवार

आठ. खीर. सकाळी उठून आधी आरशात पाहून आली. "फरक नाही," म्हणाली. पार्टी रविवारी.

प्र. रात्री झोपली नसावी. दोघींनी जास्तीचा चहा घेतला.


१४ डिसेंबर, रविवार

सगळं लिहायला हवं.

मुलं आली, चांगली पंधरा-सोळा. दारात मैत्री. कुणी नाव विचारलं नाही, "हाय" करून आत घुसले. पहिला गड सर. पण आत येऊन भिंतीशी रांगेत उभे! कशाची वाट बघताय म्हटलं, तर विहान म्हणाला, "आजी, अँकर अंकल कधी येणार?"

"येणार नाहीत."

"मग स्टार्ट कोण म्हणणार?"

मी म्हटलं, स्टार्ट. अहो, जे सुटले! सोफ्याचा किल्ला झाला, उशा गेल्या, खालच्या मजल्यावरच्यांचा फोन आला, रा.ने घेतला आणि तो माफी मागत असताना त्याच्या पायाखालून दोन मुलं गेली. कुणीही त्यांना काही शिकवलं नव्हतं. मग एवढा खेळ त्यांच्यात होता कुठे? प्र.ची सांबारवडी "स्प्रिंग रोल" म्हणून संपली. तिने सांगायचा प्रयत्न केला की नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एक मुलगी म्हणाली, "आंटी, सांबार तो इडली के साथ होता है." प्र.ने हात टेकले.

केकच्या आधी वंदना, हे आमच्या घरी ठरलेलं. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली आणि अगरबत्ती आणायला वळले. मेणबत्त्या पेटलेल्या दिसल्याबरोबर सगळी फौज धावली, मूर्तीभोवती गोल केला, हॅपी बर्थडे म्हटलं आणि एकदम फूऽऽ! सगळ्या विझवल्या. टाळ्या!

मग माझा चेहरा दिसला.

एक चिमुरडी मूर्तीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "आजी, यांचा बर्थडे नाही का?"

घशाशी आलं होतं ते बोलणार, तेवढ्यात मैत्री पुढे झाली.

"ह्या म... म..." अडली. ओठ मिटले. रा. पुढे सरकला, प्र.ने झारा आडवा धरून त्याला थांबवला. मुलं वाट बघत होती. हसायला नव्हे. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं की आपलं काय चुकलं. मैत्रीने वेळ घेतला. तिचा तिचा वेळ. "...मेणबत्त्या विझवायच्या नसतात. परत लावायच्या. आणि म-म्हणायचं."

"क्या बोलना है?" विहान.

"मी म्हणते. मग तुम्ही म्हणा."

सगळ्यांबरोबर म्हणणं वेगळं. इथे आधी तिने एकटीने म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, बरोबरीने म्हणावं म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

मुलं मांडी घालून बसली. हात जोडले, कुणी कुठे पाहिलं असेल तसे. मैत्रीने डोळे मिटले.

"बु... बु... बुद्धं..."

आणि त्या सगळ्यांनी, एका सुरात, अगदी मन लावून:

"बु... बु... बुद्धं..."

त्यांना काय माहीत, त्यातलं पालीचं किती आणि तिचं किती! जसं ऐकलं तसं म्हटलं. तेवढंच थांबून, तेवढंच अडून. एका तोंडातलं ते कुलूप खोलीभर तोंडांत. चेष्टेचा लवलेश नाही. प्रार्थना होती ती.

मैत्रीने डोळे उघडले. कान लाल. मला वाटलं, आता पळेल.

हसली. खुदकन. हसत, अडखळत म्हणाली, "एकच बु. ब-बाकीचे माझे आहेत."

"ओके," विहान म्हणाला. "एकच बु." आणि सगळे परत पहिल्यापासून, एकाच 'बु'ने.

पुढे दोनदा अडली. दोन्हीदा मुलं थांबली, तिचे तिला ठेवले, आपले तेवढे उचलले. शेवटपर्यंत नेलं तिने. एकटीने पुढे राहून.

प्र. स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी. त्यावरून तेल तिच्या नव्या ड्रेसवर गळत होतं. मी सांगितलं नाही.

मग केक. त्यावरच्या मेणबत्त्या मात्र कुणीच विझवीना! "आजी, ह्या विझवायच्या की नाही?" चार जणांनी येऊन परवानगी मागितली.


१६ डिसेंबर, मंगळवार

विहानच्या आईचा फोन. प्र. ऑफिसात, म्हणून मला.

"काकू, विहान आल्यापासून काहीतरी संस्कृत म्हणतोय."

"पाली."

"हां, तेच. छानच आहे हो. फक्त तुम्ही आधी सांगितलं असतं, की असं काही असणारे, तर..."

"तर काय?"

"नाही, तसं काही नाही. हे म्हणत होते. जाऊ दे. छान झाला वाढदिवस."

सिस्टर म्हणायच्या, तोंड उघडलं की वाक्य पूर्ण करावं. ह्या बाईला बोलायला कसलीच अडचण नाही, म, ब, प सगळे लोण्यासारखे येतात. आणि वाक्य पुरं होत नाही. हॉलमध्ये केली असती पार्टी तर हा फोन आला नसता, हे खरं. त्यांचा मुलगा परत येतो का, बघू.

मैत्रीला यातलं काही सांगितलेलं नाही. प्र.ला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगं येईन तं येईन. नाही तं नाही." आणि भांडी जोरात लावली.


१८ डिसेंबर, गुरुवार

शाळा सुटल्यावर बेल. विहान. एकटाच, दप्तरासकट.

"मम्मीला सांगून आलास?"

"खाली आहे ती. कारमध्ये. हाफ ॲन अवर खेळ, बोलली."

वरती नाही आली. बरं. तिने त्याला पाठवलं आणि स्वतः खाली बसली, याचा अर्थ काय लावायचा? उद्या लावीन.

दोघं बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या उशा काढत होते. मी आत भाजी निवडत. विहानचा आवाज, अगदी साधा, पाणी मागावं तसा:

"मैत्री, तू ऐसे अटक अटक के क्यों बोलती है?"

आठ वर्षांत हे तिला कुणीही विचारलेलं नाही. आम्ही नाही, शाळेने नाही. सगळे सांभाळत आलो. मी खुर्चीवरून अर्धी उठले. मग तिने श्वास घेतलेला इथवर ऐकू आला, आणि ती बोलायला लागली. "म..."

मी उठून मिक्सर लावला. भांड्यात काही घातलेलं नव्हतं. तरी बराच वेळ चालू ठेवला.