मधे उतरू नको

मंगळवार, संध्याकाळ. मुकुंदवाडी.

काय सांगून बसलो मी सुमनला! सकाळी मुंबईच्या विमानतळावर बायकोला दहादा बजावलं, "मधे कुठं उतरू नको. थेट टोरंटोलाच उतर." फोनवर बघितलं होतं ना मी, साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. एकच विमान असणार, असं धरून चाललो.

आत्ता घरी येऊन चप्पल काढतोय तोच टोरंटोहून पोरीचा फोन. "पप्पा, लंडनला विमान बदलायचं, मम्मीला सांगितलं ना?" तिकीट तिनंच काढलेलं, मी नीट वाचलंच नाय. व्हय म्हणून टाकलं. नववा महिना चालूय तिला, खरं कोणत्या तोंडानं सांगू?

फर्दापूरला जाताना सुमन चहाला उतरली अन् एसटी निघून गेली, तेव्हापासून प्रत्येक प्रवासात माझं हेच, मधे उतरू नको. पण हे लंडन! एव्हाना आलं असंल. सगळी माणसं उतरतील अन् ही पिशवी मांडीवर घेऊन बसून राहील? फोन बंदच लागतोय.

ही बाई माझं एक ऐकत नाय म्हणून सगळा संसार भांडण्यात गेला. आजपण ऐकलेलं नसू दे.