वाफ्यात काय घालू

३ ऑक्टोबर

रासायनिक खत घालायचं नाही. नाही म्हणजे नाही! माझ्या लेकीच्या, चिमणीच्या पोटात जाणार आहे ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसत्या दुधावर भागायचं नाही, भाज्या शिजवून, घोटून भरवा. आणि वजन असंच राहिलं तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल. पुन्हा त्या नळ्या! जन्मली तेव्हा नाकात होत्या, तशा. मला नाही बघवणार.

म्हणून मागच्या दारी वाफा केला. हे म्हणाले, "बाजारातली भाजी संपली का गं?" हसू दे. खुरपं मी धरलंय.

४ ऑक्टोबर

नर्सरीत गेले. मला वाटायचं खत म्हणजे खत. तिथे बघते तर शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा! हाडांचं नाव काढल्यावर अंगावर काटाच आला. नर्सरीवाला हसायला लागला — "ताई, मेथी विचारत नाही कुणाची हाडं म्हणून." नको म्हटलं. शेणखत घेतलं. मेथीचं बी आणि टोमॅटोची रोपं पण.

११ ऑक्टोबर

मेथी वर आली! एवढीएवढीशी, दाट. मी धुणं वाळत घालते तोवर चिमणीला वाफ्याच्या कडेला चटईवर ठेवते. ती हात लांब करून पानं धरते. धर बाई, तुझीच आहेत.

१७ ऑक्टोबर

कडेची मेथी गेली. पिवळी नाही, कीड नाही. राखेसारखी झालीय. बोट लावलं तर भुगा.

नर्सरीवाला म्हणतो, "शेणखत कच्चं असणार. गरम पडलं, मुळं जळाली."

"तुम्हीच दिलंत ना?"

"तुम्ही जास्त घातलंत, ताई."

आता गांडूळखत दिलंय. थंड असतं म्हणे.

पण एक लिहून ठेवते. घरी येऊन त्या जागेवर हात ठेवला. जळालं म्हणतो, मग माती एवढी गार कशी? भर उन्हात? हात पटकन मागे घेतला मी.

१८ ऑक्टोबर

सासूबाई — "त्या वाफ्याला जेवढं घालतेस ना, तेवढं पोरीला घाल."

दिवसभर ते वाक्य कानात.

२६ ऑक्टोबर

वजन वाढलं! गाल वर आलेत. मांडीला वळी पडलीय, पहिली वळी! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय भरवताय?" मी काय सांगणार! आमची भाजी अजून पानात पडलीच नाही. भरवलेलं सगळं ती थुंकते. मी म्हटलं, "घरचंच." बाहेर येऊन रडले. आनंदानंच. पण भीती पण वाटली. कशाची ते कळेना.

२८ ऑक्टोबर

खताबरोबर जिवंत गांडुळं आली होती. सगळ्या वाफ्यात पसरली असतील असं वाटलं होतं. आज उकरलं तर एकही नाही. मग दिसली. पार पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात. एकावर एक चढून गोळा झालेली. पुढे भिंत आहे म्हणून थांबली, नाहीतर अजून गेली असती.

चटईजवळची मेथी सगळी राख.

३ नोव्हेंबर

निंबोळी पेंड घातली. तेच. हे म्हणाले, "सगळं दुकान घालून झालं. आता नर्सरीवाल्यालाच पूर त्यात." मला हसू आलं नाही.

मी आता एक केलंय. त्याच मातीत, तेच खत घालून, टोमॅटोची दोन रोपं कुंड्यांत लावली. एक कुंडी उंच खिडकीत. एक खाली, चटईपाशी. कुठे खोट आहे ते बघतेच.

७ नोव्हेंबर

खिडकीतलं हिरवंगार. खालचं राख.

म्हणजे खतात खोट नाही. मातीतही नाही.

मग काय उरलं?

८ नोव्हेंबर

खिडकीतली कुंडी खाली आणली. चटईपाशी ठेवली. समोर बसून राहिले, डोळा मिटला नाही. भरदुपार होती. नीट दिसत होतं.

चिमणी रांगत आली. रोपाच्या देठाला मूठ घातली. आवाज नाही काही नाही. मुठीपासून वर एकेक पान करडं होत गेलं, शेंड्यापर्यंत. आणि इकडे तिच्या गालावर रंग चढला. मग तिनं ढेकर दिली. दूध पिऊन देते तशी. आणि माझ्याकडे बघून हसली.

दोन दात आलेत.

९ नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही. सांगणार नाही.

१२ नोव्हेंबर

नर्सरीतून शेणखत आणलं, चांगलं कुजलेलं. गांडूळखत, पेंड. हाडांचा चुरा पण. आता काटाबिटा येत नाही अंगावर. नर्सरीवाला — "ताई, शेती काढली का काय?"

"पोरीला लागतं."

"एवढीशी पोर ती, खाऊन खाऊन किती खाणार?"

मी रोपंही उचलली, ज्याला पानं जास्त ती. रोज चटई नव्या ओळीपाशी घालते. संपलेली ओळ खुरप्यानं उलटवून टाकते, म्हणजे कुणी विचारत नाही.

सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात — "पोरीनं बाळसं धरलं ते माझ्या मालिशमुळे." सांगू दे. त्या मालिश करतात तेव्हा मी चिमणीच्या हातात कोथिंबिरीची जुडी देते. गप पडून राहते.

२१ नोव्हेंबर

पुरत नाही. कुठलंच खत पुरत नाही! रोप उगवायला दिवस लागतात, तिला एक दुपार. बाजारची जुडी आता धरते आणि फेकून देते. मातीत रुजलेलं लागतं. आणि नर्सरीला कुलूप. तो मुलीच्या बाळंतपणाला गावी गेलाय म्हणे. कधी येणार, शेजारच्या दुकानदाराला माहीत नाही.

२३ नोव्हेंबर

गाल बसले. मांडीची वळी गेली. हे म्हणतात उद्या दवाखान्यात नेऊ. नळ्यांनी काय होणार? तिला काय लागतं ते मलाच माहीत.

खूप रडत होती. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे, माझ्या कुशीत झोपेल." मी ओरडले — "नको! हात नका लावू!" त्या बघतच राहिल्या. "मी काय खाते का तुझ्या पोरीला?" म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला कधी काही झालं नाही, त्याचा विचार करत बसले होते. आज कळलं. मी उचलून घेतलं की ती मुठी घट्ट मिटून घेते. आत्ता, एवढ्या भुकेत सुद्धा. नखं तळहातात रुतेपर्यंत. मला धरत नाही ती. माझी शहाणी ती!

२४ नोव्हेंबर

सकाळपासून रडली नाही. ओठ पांढरे पडलेत. हे रिक्षा बघायला गेलेत.

मूठ उघडत नव्हती. मीच उघडली, एकेक बोट करून. माझा हात दिला.

हात कोपरापर्यंत गार पडलाय. गालावर रंग यायला लागलाय.

डाव्या हातानं लिहितेय.