गाडी आणि आवाज एकाच जागी ठेवण्याबाबत

या कागदापायी घरात काय आलं आणि काय पडलं ते आधीच लिहून टाकते, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको.

रेघांचे फुलस्केप कागद, एक दस्ता: साठ रुपये. उरतील ते नातीला चित्रं काढायला.

स्टँप पेपर, एक: शंभर रुपये. कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाने घ्यायला लावला. आत गेल्यावर वकील म्हणाले, मृत्युपत्राला स्टँप लागतच नाही. परत घेत नाहीत.

पोस्टाची पाकिटं, चार: वीस रुपये.

माझ्या यजमानांची गाडी, एक नग: नव्याण्णव रुपये.

शेवटची ओळ आली म्हणून वरच्या तीन आल्या.

मी, वंदना गिरधर महाजन, वय चौसष्ट, मॅट्रिक पास, काम घरकाम, राहणार बुऱ्हाणपूर, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी बी.पी.ची गोळी घेतली, देवीचा पाठ केला, मग बसले. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. माझ्या दोन्ही मुलांना आपसातल्या भांडणातून तेवढी फुरसत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि झालेला खर्च बघता शेवटचं.

यजमान कै. गिरधर महाजन यांची स्वतःची गाडी होती, म्हणजे ट्रक. फोपनारहून केळी भरायची आणि इंदूर, कधी पार दिल्ली. सात वर्षांपूर्वी माघात ते गेले. गाडी त्याच वर्षी विकली, कारण दोन मुलांपैकी एकालाही ती गल्लीतून बाहेर काढता येत नव्हती. मोठा नीलेश इंदूरला नोकरीत आहे. सून हिमानी, नात भूमिका. धाकटा ललित याच घरात वरच्या खोलीत राहतो, काम संगणकावर, लग्न व्हायचं आहे.

कलम एक. घर दोघांचं, सारखं. खालचा मजला नीलेशचा, वरचा ललितचा, जिना दोघांचा. जिन्यात भिंत घालायची नाही. सध्याची तऱ्हा बघता हे लिहिणं भाग आहे.

कलम दोन. पोस्टातली रक्कम दोघांना निम्मी निम्मी. त्याआधी चैत्राच्या यात्रेत इच्छापूरला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी एक वेळचं अन्नदान करावं. माझ्या तेराव्याला मांडव घालू नये. वरण, भात, एक भाजी, आणि शिरा पातळ नको.

या रकमेतून माझे नव्याण्णव रुपये मात्र वजा करावेत. साडेएकोणपन्नास नीलेशच्या वाट्यातून, कारण त्याने घेतले. साडेएकोणपन्नास ललितच्या वाट्यातून, कारण त्याने शेजारी उभं राहून मला भरू दिले.

कलम तीन. पाटल्या हिमानीला. या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं बोललेली घरात ती एकटी. नथ ललितच्या होणाऱ्या बायकोला, म्हणजे जी त्याला संगणकापुढून उठवून पाटावर बसवील तिला.

कलम चार. मांड्यांचं खापर. हे माझ्या मोठ्या जाऊबाई रंभाबाई यांना द्यावं. वाचून घरात भुवया उंचावतील, म्हणून कारण लिहिते. पूर्वी भाऊबंदांत लग्न असलं की आम्ही बायका एकमेकींकडे जाऊन मांडे करून द्यायचो. पैशाचा विषय नव्हता. मग रंभाबाईंनी घेणं सुरू केलं. लोक समजतात मी त्यावरून बोलणं सोडलं. तसं नाही. चुलीपुढे दिवसभर भाजून निघायचं, तर त्याचे पैसे घेतले तर काय बिघडलं? माझा राग एवढाच की खापर माझं, कणीक माझ्या हाताने तिंबलेली, आणि देडतलाईच्या लग्नात वरमाईने विचारलं, "मांडे कोणी केले हो?" तर या म्हणाल्या, "मीच." मी मागेच परात धूत होते. खापर त्यांनाच द्यावं, कारण आता या घरात दुसऱ्या कोणाला मांडा फिरवता येत नाही. देताना सांगावं की हे वंदनाचं आहे. एवढंच, जास्त बोलू नये.

कलम पाच. गाडी. हे लांबेल.

ट्रक चालवायचा एक गेम आहे. परदेशातल्या कंपनीने केला, लोक तो विकत घेतात आणि घरी बसून ट्रक हाकतात. ज्यांना आवड असते ते त्यात आपलं काही घालतात, आपला रस्ता, आपली गाडी, आपला ढाबा. त्याला मॉड म्हणतात. ललितने मला समजावलं, "आई, गेम म्हणजे कंपनीचं अंगण, मॉड म्हणजे त्यात आपण काढलेली रांगोळी." तेव्हा दोघं भाऊ बोलत होते, त्यामुळे नीलेश फोनवरून म्हणाला, "रांगोळी काय म्हणतो, वरचा मजला बांधलाय आपण."

आणि बांधला होता, ते मी कबूल करते. यजमान गेल्यावर दोघांनी मिळून बुऱ्हाणपूर ते इच्छापूर रस्ता त्यात घातला. केळीच्या बागा घातल्या, त्यातली झाडं गेम खेळणाऱ्या दुसऱ्या लोकांनी फुकट दिली. देवीची टेकडी घातली. नीलेशने माझ्या ट्रंकेतले फोटो नेऊन गाडी घडवली. हिरवी, कपाळावर "इच्छादेवी प्रसन्न", डाव्या दाराला पोचा, तोसुद्धा. फोपनारच्या गोटूने केळीचे घड आणि ताडपत्री करून दिली, आमच्याकडे ठेवलेल्या खऱ्या भोंग्याचा आवाज भरून दिला. त्याने एक पैसा मागितला नाही. यजमान त्याला लहानपणी केबिनमध्ये बसवायचे, तेवढ्यावर.

मग ललितने स्वयंपाकघरात पंखा बंद करून माझा आवाज भरला. यजमान निघताना मी दारात जे म्हणायची तेच. गाडी सुरू झाली की, "जेवून निघालात ना?" टेकडी दिसली की, "देवीला हात जोडा." उताराला, "घाई करू नका, केळी पिकायला वेळ आहे."

हे सगळं इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं. पुष्कळ लोकांनी घेतलं. दरवर्षी माघात तिथीला नैवेद्य झाला की ललित मला वर बोलवायचा आणि गाडी इच्छापूरपर्यंत नेऊन दाखवायचा. मी हात जोडायची.

आता भांडण. कोणा भामट्याने ती फाईल उचलली, मुलांची नावं काढली आणि पन्नास रुपयांना विकायला ठेवली. नीलेश भडकला. मी पोळ्या करत होते, ललित शेजारी, त्याचा फोन ओट्यावर, दोघांचे आवाज मोठ्याने.

"आपण नाही घेतले तर चोर घेतोय, ललित. मग आपणच घेऊ. माझे किती रविवार गेलेत त्यात."

"दादा, कंपनीने साफ लिहिलंय, गेममध्ये आपलं घाला, पण विकू नका."

"कंपनी स्वतः गाडीचे रंग विकते ते चालतं? आणि भूमिकाची फी कंपनी भरणार आहे का?"

"आणि गोटूला काय देशील? झाडं ज्यांनी दिली त्यांना?"

"तू नको शिकवू. तू आईच्या हातचं खाऊन दानशूर झालाय."

ललितने फोन ठेवला. कणीक मात्र माझ्या हाताला तशीच.

त्यानंतर नीलेशने गाडी कुलपात घातली. नव्याण्णव रुपये भरा, गाडी घ्या. वर गोटूचं नाव काढलं, की नाव राहिलं तर तो वाटा मागेल. गोटूने मागितला नव्हता, मागणारही नव्हता. हे वाचल्यावर मला देडतलाईची परात आठवली. ललितने उलट काय केलं, तर माझा आवाज धरून ठेवला. "आईचा आवाज विकायला देणार नाही," म्हणे. रस्ता आणि आवाज त्याने फुकट ठेवले, गाडीच्या जागी कुठली तरी पिवळी गाडी घातली. मला दोघांनीही विचारलं नाही.

यंदा तिथीला मी आपणहून वर गेले. म्हटलं, ललित, गाडी दाखव.

"आई, ती दादाकडे आहे. पैसे भरावे लागतात."

"मग भर."

"मी नाही भरणार. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मी कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून त्याच्या टेबलावर ठेवली. तत्त्व बाजूला ठेवून त्याने फोनवरून भरले. एक रुपया परत द्यायला सुटा नव्हता, तो अजून आलेला नाही.

गाडी आली. तीच, पोच्यासकट. बागांमधून निघाली, टेकडी आली, उतार आला. कोणी काही बोललं नाही. मी ललितला विचारलं, मी कुठे आहे? तो म्हणाला, "तू माझ्या फाईलमध्ये आहेस." म्हणजे यजमानांची गाडी एकीकडे मुक्याने जाते, आणि मी दुसरीकडे परक्या पिवळ्या गाडीला विचारत बसले आहे की जेवून निघालात ना. सदतीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी न बोलता उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. ते या दोन हुशारांनी संगणकात करून दाखवलं.

म्हणून माझा निर्णय. कष्टाचे पैसे मागणं वाईट नाही, हे मी ललितला बजावते. फुकट वाटणाऱ्याचा स्वयंपाक कोणीतरी करत असतं. या घरात तो मी करते, आणि सिलेंडरचे पैसे नीलेश पाठवतो. पण जे दुसऱ्यांनी सेवा म्हणून दिलं ते कुलपात घालता येत नाही, हे मी नीलेशला बजावते. टेकडीच्या पायथ्याशी नारळ विकतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही. वर प्रसाद विकत नाहीत. कोणाला त्याची स्वतःची गाडी, त्याच्या बापाचं नाव घालून करून हवी असेल, तर कंपनीचा कागद नीट वाचून, चालत असेल तर नीलेशने खुशाल पैसे घेऊन करून द्यावी. तो नारळ. दानपेटीही ठेवावी, पण आत बाजूला. पेटी दारात आडवी ठेवायची नाही. आणि पेटीत जे पडेल त्यात गोटूचा वाटा आधी.

लोकांच्या तक्रारींना उत्तरं ललितने द्यावीत, कारण पुण्य त्याला हवं आहे. एकाने लिहिलंय, "आंटी बहुत टोकती है, आवाज़ बंद करने का ऑप्शन दो." त्याला कळवावं की ऑप्शन मिळणार नाही. फुकट घेऊन वर आंटीला नावं ठेवणाऱ्याने आपल्या आईला गाडीत बसवावं.

कलम सहा. माझा आवाज. हा दोघांना एकत्र देत आहे, वाटणी न करता. अट एकच, जिथे गाडी तिथे आवाज, आणि दोन्हीपुढे कुलूप नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, असं झालं नाही तर माझा आवाज ललितने सगळीकडून काढून टाकावा आणि गाडीच्या फोटोंची ट्रंक हिमानीने आपल्या ताब्यात घ्यावी. मग दोघांनी पिवळी गाडी हाकत बसावं. वकील म्हणाले, हे कलम कोर्टात टिकेल असं सांगता येत नाही. मी म्हटलं, कोर्टात कोण जातंय? मला दोघांना एका पंगतीत बसवायचं आहे.

कलम सात. खरा भोंगा फोपनारच्या गोटूला. तो नुसता वाजवून बघेल आणि दोन दिवस गाव झोपणार नाही, तरीही त्यालाच.

हे सगळं अमलात आणण्याचा अधिकार सून हिमानी हिला देते. सही करण्याआधी पूर्ण कागद वाचणारी या कुटुंबात ती एकच आहे.

वाचून पाहिलं, जे म्हणायचं होतं तेच उतरलं आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: वंदना गिरधर महाजन

साक्षीदार: सुधाकर चौधरी, शेजारी, निवृत्त मास्तर. (शुद्धलेखन त्यांनी तपासायला मागितलं, मी दिलं नाही.)

साक्षीदार: अमृता वाणी, पोस्टाच्या बचतीचं काम बघते.

ठिकाण: बुऱ्हाणपूर
दिनांक: ९ मार्च २०२६

जोड: याच्या दोन झेरॉक्स दोघांना पाठवत आहे. प्रत्येकीत माझा पत्ता घातलेलं रिकामं पाकीट आहे, तिकिटाचे पैसे मी भरलेले आहेत. फोनवर उत्तर चालणार नाही, फोनवर तुम्ही दोघं भांडता. ललितनेही पोस्टानेच कळवावं, वरच्या खोलीतून जिना उतरून सांगू नये. टपालपेटीपर्यंत चालत जाताना जरा विचार होईल. लांबलचक लिहू नये. गाडी आणि आई एकत्र केली, एवढं पुरे. तसं आलं की मी एकदा वर येऊन इच्छापूरपर्यंत बघून जाईन. या वेळी पैसे देणार नाही. काय ते उलट टपाली कळवावे.