तीन आत्माराम घाडी

४ नोव्हें. ५६
काळाचौकीला भजन. मंडळाच्या सेक्रेटरीने पाहुण्याशी ओळख करून दिली, हे आत्माराम घाडी. पाहुणा उठून उभाच राहिला. पोवाडेवाले? नाही. मग हुतूतूवाले? नाही, हे आपले भजनवाले. "असं होय," म्हणून परत टेकला. वीस वर्षं गळा फाडतोय, तरी लालबाग-परळात या नावाचा मी आपला तिसरा. हुतूतूवाला निदान गडी बाद करतो. हा शाहीर तर कालचा!

९ नोव्हें.
फोर्टात, प्लेट कंपनीत. माझ्या अभंगांची तबकडी दिवाळीला निघायची होती, ती का अडली ते आज कळलं. पोलीस शाहीर आत्माराम घाडीच्या मागावर आहेत. कंपनीचे साहेब म्हणाले, सरकारविरुद्ध गाणाऱ्याच्या नावाची तबकडी काढून नसतं झेंगट कोण मागे लावून घेणार? म्हटलं, तो मी नव्हे. मग तो कोण ते आणा शोधून, म्हणाले. नाहीतर दुसरं नाव घ्या. 'मास्टर आनंद' कसं वाटतं?
डोंबल वाटतं. बापाने ठेवलेलं नाव आहे. संयुक्त महाराष्ट्र मलाही हवाय, पण माझ्या नावावर कशाला?

१४ नोव्हें.
लालबागला सभा. मुद्दाम गेलो. शाहिराला फेटा, झुपकेदार मिशा, आवाज फुटका. लोक मात्र वेडे झालेले. नंतर मंचामागे गाठला. मला बघून पायाच पडला. मिशा उतरवल्या तर खाली कोवळं तोंड.
"बुवा, नाव तुमचंच घेतलंय. माझं खरं नाव फुटलं तर गिरणीतून हाकलतील. तुमची भजनं ऐकत वाढलो, तेच तोंडात आलं."
वर म्हणे, हुतूतूवाल्याचंही तेच, पोलीस आणखी गोंधळतील. शहाणाच! खरं नाव, गिरणी, खातं, सगळं विश्वासाने सांगून मोकळा झाला. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

१५ नोव्हें.
सौ.ला सगळं सांगितलं, फक्त त्याचं नाव नाही. भांडी आपटत होती. "त्या मेल्याचा नाव सांगा आणि आपली प्लेट घेवन येवा. किती वर्सां वाट बघतंय मी."
चूक नाही तिची. एकदा बोललो की मी सुटलो आणि तो आत. शिवाय त्याची गिरणीही गेली. पण मी का भोगू? मी काय केलंय?

१९ नोव्हें.
कंपनीत बोलावणं. साहेबांशेजारी एक गृहस्थ, कपडे साधे, बूट पोलिसी. शाहीर कोण ते कळलं का, विचारलं. देवाशपथ, नाव जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेब हसले. "सांगा हो बुवा. तुम्हाला कोण ओळखत होतं? नाव तर त्यानेच मोठं केलंय तुमचं."
डोकंच फिरलं.
"मीच तो," म्हणालो.
मोठेपणा बिठेपणा काही नाही, निव्वळ संताप. गृहस्थ म्हणाले, असं? मग म्हणा एखादा पोवाडा. सभेत एकदाच ऐकला होता, तो उचलला. मध्ये कुठे अडलो नाही. त्यांनी घरचा पत्ता लिहून घेतला, उद्या घरीच थांबा म्हणाले. सौ. सारखी विचारतेय, प्लेटचं काय झालं. तिला काय सांगू?
पण त्या पोरापेक्षा चांगला गायलो.