सुधारित बास्केट आणि रागाची नोंद

३ मार्च, सकाळी ८
डॉक्टर म्हणाले, बीपी फार आहे, रोज किती वेळा राग आला ते लिहून ठेवा. हसूच आलं. मी म्हणजे गरीब गाय. पण डॉक्टरांचं मन मोडू नये.

वर्कशॉपमध्ये सध्या ऐतिहासिक काम चालू आहे. पेपर मिलमध्ये कागदाचा लगदा गाळायला स्टीलची गोल, कमरेएवढी चाळण लागते, तिला स्क्रीन बास्केट म्हणतात. उभ्या तारा, मध्ये केसाएवढ्या फटी, आत रोटर गरागरा फिरतो. सगळ्यांच्या बास्केट तुंबतात. माझी तुंबणार नाही, कारण प्रत्येक तारेला मी एका बाजूनं उतार दिलाय. लगदा घसरून जाईल. १७ तारखेला मिलमध्ये ट्रायल. पास झाली तर बारा बास्केटची ऑर्डर. नाही झाली तर पुन्हा खिडक्यांच्या जाळ्या. पण तो प्रश्नच नाही.
वेल्डिंग बायकोचा भाऊ करतो. हात चांगला आहे, डोकं बेताचं.
राग: शून्य.

५ मार्च
ग्राइंडर अडकत होता. भिंतीवर आपटून टिकाऊपणा तपासला. ग्राइंडर नापास. भिंतही.
राग: शून्य. ही टेस्टिंग होती.

७ मार्च, संध्याकाळी
मेव्हणा दुपारी म्हणाला, दाजी, एक विचारू का, त्यांचा रोटर कुठल्या... मी तेव्हा फटी मोजत होतो. फटी मोजताना बोलू नये एवढी साधी अक्कल नको? हातात क्लॅम्प होता, तो भिरकावला. त्याला नव्हे, त्याच्या दिशेनं. नेम धरला असता तर चांगलाच लागला असता. तसा लागलाच. भुवईवर तीन टाके.
मी स्वतः स्कूटरवरून नेलं. डॉक्टर तेच. टाके घालताना त्याच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.
राग: अर्धा.

१० मार्च
बायको तीन दिवस बोलत नाही. आज जेवताना बोलली. म्हणाली, माझा भाऊ तुमच्याकडे काम करतो, मार खायला येत नाही. मी शांतपणे ताट खिडकीतून बाहेर टाकलं. खिडकी बंद होती.
काचवाला उद्या येईल. आईनं लहानपणी म्हटलं होतं, तुझ्यासारखं समजूतदार पोर नाही. तिला माणसं कळायची.
राग: शून्य. भूक होती.

१३ मार्च
बास्केट तयार. आरशासारखी चकाकते. मी तिच्यासमोर उभा राहून भांग पाडला.
फक्त वरच्या कडीवर कुणीतरी खडूनं बाण काढून ठेवला होता. एवढी पॉलिश केलेली वस्तू, आणि खडू! रुमालानं पुसला. मेव्हण्याला विचारलं. तो ड्रिल मशीनच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, दाजी, रागावू नका, एकदा मिलमध्ये फोन करून विचारा, रोटर डावीकडे फिरतो की... मी फोन उचलला. आणि फेकला. तो वाकला, त्यामुळे ड्रिल मशीनला लागला.
आता फोन कशावरून करणार? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.
राग: एक. पण तो मेव्हण्याच्या खाती धरावा.

१५ मार्च
मेव्हणा आला नाही. त्याचा चामड्याचा एप्रन खिळ्याला अडकवलेला, नीट घडी करून. बायको म्हणते, त्याला दुसरीकडे काम मिळालं. कुठे, ते सांगत नाही. गेला उडत. बास्केट तर झाली.
एप्रनला लाथ मारली. खिळा निघाला.
राग: शून्य.

१७ मार्च
ट्रायल. पंप चालू. पहिली चार मिनिटं मी सगळ्यांकडे बघून मान डोलवली. पाचव्या मिनिटाला आतून दात खाल्ल्यासारखा आवाज. मग एकेक तार तुटायला लागली, ताड, ताड. झाकण फुटून लगदा छतापर्यंत. सुपरवायझरच्या मिशीत लगदा.
ऑपरेटर म्हणाला, साहेब, आमचा रोटर डावीकडे फिरतो. तुमच्या तारांचा उतार उजवीकडच्या रोटरसाठी आहे, म्हणून तुंबली. विचारलं असतं तर...
मी त्याची कॉलर धरली. लगद्यावरून पाय घसरला, दोघं पडलो. उठून मशीनला बुक्की मारली. मशीन ओतीव लोखंडाचं आहे.

१८ मार्च (डाव्या हातानं)
दोन बोटं मोडली. डॉक्टर तेच. वहीबद्दल विचारलं. घरी राहिली म्हणालो.

२४ मार्च
तुटलेली बास्केट आणायला मिलमध्ये गेलो. मिळाली नाही. चालू होती.
त्यांच्या रिपेअर शेडमध्ये मेव्हणा. तिथेच लागलाय. त्यानं तुटलेल्या तारा बदलल्या, वरची कडी खाली, खालची वर जोडली, आणि बास्केट उलटी उभी केली. बस. उतार आपोआप दुसरीकडे झाला. सहा दिवस एकदाही तुंबली नाही. वरच्या कडीवर खडूचा बाण, डावीकडे. कुणी पुसला नाही.
सुपरवायझर म्हणाले, कल्पना तुमची झकास आहे हो. पण बाकीच्या बारा आम्ही याच्याकडूनच इथे करून घेऊ.
मला वाटलं होतं राग येईल. वाट बघितली. आला नाही. तिच्याकडेच बघत उभा राहिलो. इतकी सुंदर चालत होती ती.
मेव्हण्याच्या पाठीवर शाबासकीची थाप द्यावी म्हणून प्लॅस्टरचा हात उचलला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मटकन खाली बसला. भुवईवर टाक्यांची खूण अजून लाल. शेडमधले सगळे काम थांबवून बघत होते.
मी म्हणालो, अरे, शाबासकी देत होतो. तो म्हणाला, हो दाजी. आणि तसाच बसून राहिला.
राग: शून्य. आजचा खरा आहे.