पाणी नको, सूत दाखव

मी, खाली सही करणारी, सूत रंगवायच्या या कारखान्याची मालकीण. डोकं ठिकाणावर आहे, हात मात्र थरथरतो. म्हणून अक्षर शेजारच्या शिवणवाल्या ताईंचं, शब्द माझे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी कोणाची टाप नाही. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

१. राहतं घर मुलाला. छत गळतं, तेही त्याचंच.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. जावईबापूंनी त्यात नाक खुपसू नये.

३. कारखाना आणि मोठी कढई दोघांना समाईक. कढईचे दोन वाटे होत नाहीत, आणि माझा जीव तिथंच अडकलाय.

कढईतल्या त्या जांभळ्या रंगाच्या घाण्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कृत्रिम लोकरीचं सूत साबणाने धुतलं की तीन पाण्यांतून खळबळायचं, ही आमची रीत. मुलाने एकातच उरकलं. साबण सुतात राहिला. त्या साबणाचं आणि या रंगाचं वाकडं. एकमेकांना चिकटतात आणि रंग नासक्या दुधासारखा फुटतो. ते झाकायला पठ्ठ्याने आणखी साबण ओतला. गुठळ्या विरल्या, पाणी नितळ झालं.

"आई, बघ, कसं झकास जमलंय," तो म्हणाला.

"पाणी नको दाखवूस, दादा. सूत दाखव," धाकटी म्हणाली.

सूत निघालं फिकट, ठिगळं लावल्यासारखं. एवढा साबण झाला की तो रंगाला पोटात घेऊन बसतो, सुताला लागू देत नाही. सगळा जांभळा मोरीतून वाहून गेला. कामगार हसले, ते त्याला झोंबलं. "पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस," असं तो तिला बोलून बसला. तीही हट्टी, माझ्यावर गेलेली. आजवर आली नाही. मला अन्न गोड लागत नाही.

४. म्हणून ही अट. कपाटात त्याच लोकरीची पांढरी शाल आहे. मी गेल्यावर, मला उचलण्याआधी, ती दोघांनी मिळून जांभळी रंगवायची. त्याने तिन्ही पाण्यांतून काढायची, तिने रंग घालायचा. तोवर कारखान्याची किल्ली ताईंकडे राहील.

रंग फुटला, डाग पडले, तर झाकायला कोणी साबण ओतायचा नाही. शाल तशीच माझ्या अंगावर घाला. डागाळलेली चालेल मला, दोघांच्या हातची हवी.

सही: (वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार: शिवणवाल्या ताई, गल्लीतले डॉक्टर

स्थळ: कारखान्यामागची खोली
दिनांक: ७ मार्च, शनिवार