भोंग्यातलं लुगडं

बाबा,

काल मी हेडफोन घेतले. त्यांच्याबरोबर दोन छोटे स्पीकर आणि कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची एक डबी. डबीचं काम तुमच्या भोंग्याच्या मशीनसारखंच आहे, माइकमधून आलेला आवाज नीट घ्यायचा आणि पुढे द्यायचा. तुमचं जुनं मशीन उचलायला दोन माणसं लागत. ही डबी मी पिशवीत कोथिंबिरीशेजारी ठेवून आणली. तुम्ही असतात तर आधी ती तळहातावर तोलून पाहिली असती. हलकी वस्तू तुम्हाला पटत नसे. एकदाच पटवून घेतलीत, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

कॉलेजातली मराठी शिकवायची नोकरी संपल्यापासून मी पुस्तकं मोठ्यानं वाचते. बुलढाण्यातल्या घरी, खिडकी लावून, पंखा बंद करून, कॉम्प्युटरसमोर बसून. ज्यांना दिसत नाही अशी मुलं ती ऐकतात आणि परीक्षा देतात. त्यांतला एक देऊळघाटचा आहे, मराठीतच एम.ए. करतो. फार कमी बोलतो. महिन्याभरापूर्वी त्याचा फोन आला. राग नका मानू म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, बोल. "मॅडम, तुमच्या मांगं कोणी ज्वारी पाखडून राह्यलं का?" मला कळलं नाही. घरात मी एकटी असते. तो म्हणाला, सुपाचा येतो तसा आवाज आहे, बारीक, सारखा, पहिल्या पुस्तकापासून. आधी त्याला वाटलं, मॅडमकडे कोणी कामाला येत असेल. पण चार महिने रोज कोण पाखडणार? फोन ठेवून मी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज ऐकू आला. मागे काही नव्हतं. मी ठरवलं, दोष मोबाइलबरोबर मिळालेल्या कानातल्या बोंडांचा आहे. साधन चांगलं घेतलं की ऐकू येईल. आणि साधन कसं निवडायचं हे मला ह्या जिल्ह्यात कोणी शिकवावं अशी वेळ आलेली नाही. हे मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तुम्ही शिकवलेलं असं. मशीन घेताना गाणं लावू द्यायचं नाही. दुकानदार आधी गाणंच लावतो, कारण गाण्याखाली सगळं झाकतं. गाण्याचा तवा बाजूला ठेवायला सांगायचा, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं, आणि काहीच लावलेलं नसताना काय ऐकू येतं ते ऐकायचं. मशीनचं स्वतःचं काही म्हणणं नसावं, असं तुम्ही म्हणायचात. मग माणसाचं बोलणं. तेही भाषण नाही, बाजारातले भाव. सरकी, तूर, ज्वारी. सरकीतला स आणि तुरीतला त वेगळे यायला हवेत. नुसता मोठा आवाज हवा असेल त्यानं डफडेवाला बोलवावा. आणि शेवटी, जिथं ऐकणारा बसणार तिथं जाऊन ऐकायचं.

कार्यक्रमाआधी आपल्या जानेफळात भोंगा लिंबाला बांधून झाला की तुम्ही माइक हातात घेता. दुसरे लोक हॅलो हॅलो म्हणत, एक दोन तीन म्हणत. तुम्ही गावाच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीला हाक मारता. "आजी, तुमची म्हैस सुटली." म्हातारी दारात आली तर भोंग्याचं तोंड बरोबर आहे. नाही आली तर भोंगा चार बोटं वळवायचा आणि म्हैस पुन्हा सोडायची. मी तिच्या घराजवळ रुमाल घेऊन उभी असते. ती दर वेळी बाहेर येते, कमरेवर हात ठेवून लिंबाच्या दिशेनं ओरडते, "मुडद्या, माही म्हैस मेल्याले पाच वर्सं झाले." तिचं ओरडणं तुमच्यापर्यंत पोचत नाही. मी रुमाल हलवते, तुम्ही लांबून हात वर करता. म्हैस नाही तर बाहेर का येता, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, हाक मारली तर यावंच लागते.

तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला केव्हा कळलं ते मी नेमकं सांगू शकते. आपण बांधावर बसलो होतो, दिवस नुकता बुडाला होता. चारी बाजूंनी रातकिडे, कान किटतील इतके. तुम्ही म्हणालात, औंदा रातकिडे कमी झाले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही थट्टा करत नव्हता. मी म्हटलं, हाव. वर्षानुवर्षं भोंग्याखाली बसून तुमच्या कानातलं वरचं, बारीक तेवढं सगळं गेलं होतं. जाड आवाज राहिले होते. आई आधीपासून ओळखून होती. ती तुमच्याशी समोर येऊन बोलायची, आणि कोणी पाहुणा आला की तुमच्या आधी उत्तर द्यायची. ह्यावर घरात कोणी बोलत नसे. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही त्याचा भोंगा लग्नाला कोण नेईल? मशीनच्या झाकणावर तळहात ठेवून घरघर ओळखायला तुम्ही शिकला होता. उरलेलं मी ओळखायची. "पाह्य बरं, साफ हाये का," असं तुम्ही सहज विचारायचात, जणू माझी परीक्षा घेताय.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात जुनं व्हॉल्व्हचं मशीन बिघडलं. अकोल्याला मामाकडे राहून मी कॉलेजात जायचं ठरलं होतं. ट्रंक रंगवून झाली होती. तुम्ही मशीन स्वतःच दुरुस्त केलंत, पण चार दिवसांआड त्यात नवा आवाज निघे आणि तो कसला आहे ते सांगायला मी लागे. एका सकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, मला नाही, आईला, की खामगावात चांगलं मशीन मिळालं तर ठीक, नाही तर "पोरगी औंदा राहू दे घरी. पुढच्या सालाले जाईन." आईनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. पुढच्या साली काय होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. माझ्या बरोबरीच्या ज्या मुली एक वर्ष थांबल्या त्या सगळ्या लग्न होईपर्यंत थांबल्या होत्या.

खामगावला आपण एस.टी.नं गेलो. दुकानात दोन मशीनं आहेत. पहिलं व्हॉल्व्हचं, काळ्या पत्र्याचं, जड. दुकानदार तवा लावायला जातो, तुम्ही त्याचा हात धरता. बटण पूर्ण फिरवता, तळहात झाकणावर ठेवता आणि लगेच काढून घेता. घरघर आहे म्हणता. दुकानदार म्हणतो, काका, इतकी चालते, लोकं कुठं एवढं ऐकतेत. "ऐकत नसते तं मले कायले बोलावते?" तुम्ही म्हणता. दुसरं मशीन ट्रान्झिस्टरचं, नव्यानं आलेलं, जेवणाच्या डब्याएवढं. तुम्ही त्यावर तळहात ठेवता. बराच वेळ ठेवता. हाताला काही लागत नाही, कारण ह्याचा दोष जाड नव्हताच. तो वर होता, तुमच्या रातकिड्यांच्या जागी. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा आणि तो विरूच नये, तसा. दुकानदाराला ऐकू येतो आहे, मला ऐकू येतो आहे. तुम्ही माझ्याकडे पाहता. "साफ हाये का वं?"

घरी मी तुमच्याशी आपल्या बोलीत बोलायची. त्या दिवशी मी म्हणाले, "हो बाबा. साफ आहे." शाळेतल्या पुस्तकासारखं. खोटं बोलायला मला ती भाषा सोपी गेली. पुढे तिच्यावरच माझं पोट चाललं. दुकानदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता मशीन बांधायला घेतलं.

जूनमध्ये मी अकोल्याला गेले. दिवाळीत परत आले तेव्हा भोंगा ओट्यावर पडलेला होता आणि त्याच्या गळ्यात आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा कोंबलेला होता. काय झालं ते आईनं चुलीपाशी बसून सांगितलं. पहिल्याच सभेत मागून कोणी तरी विचारलं होतं, भोंग्यात नाग बसवला का बे? लोक हसले. तुम्हीही हसलात, कशाला ते न कळता. मग एका लग्नात तेच, मग दुसऱ्या. शेजारच्या गावांत तुम्हाला नागवाला म्हणू लागले. शेवटी टोकाची म्हातारी काठी टेकत घरी आली आणि तुमच्या समोर बसून, तुमच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, की म्हैस सुटायच्या आधी काही तरी फुसफुसते, ते आधी बंद कर. त्यानंतर तुम्ही भोंग्यात पोतं घालून पाहिलंत, मांजरपाट पाहिलंत, जुनी सतरंजी पाहिलीत. दर वेळी आई अंगणाच्या पलीकडे जाऊन ऐकायची आणि मान हलवायची. लुगडं चाललं. फुसफुस गेली. सरकीतला स आणि तुरीतला त हेही थोडे गेले.

मी ओट्याशी उभी होते. तुम्ही तुकडा बोटानं आत सारत होता. मान खालीच होती. "बारीक आवाज येते म्हणतेत लोकं," तुम्ही म्हणालात. मग, "दुकानात लय गर्दी होती त्या दिशी. तुले बी आला नसंन ऐकू."

दुकानात गर्दी नव्हती. आपण दोघं होतो आणि दुकानदार होता. तुम्ही पेचकस मागितला, मी दिला. ते मशीन तुम्ही शेवटपर्यंत चालवलंत, त्या लुगड्यासकट. मला पुन्हा कधी थांब म्हणाला नाहीत, आणि साफ आहे का असंही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

काल त्या विद्यार्थ्याला घेऊन मी दुकानात गेले. ऐकायचं तुला आहे तर तूच ठरव, असं त्याला सांगितलं होतं. दुकानदारानं हेडफोन काढले आणि गाणं लावलं, छातीत धडधडणारं. मी ते बंद करायला लावलं. त्याला आश्चर्य वाटलं. गाण्याशिवाय हेडफोन कसे कळणार, म्हणाला. मी त्याला माझं जुनं रेकॉर्डिंग दिलं आणि एकामागून एक हेडफोन घालून पाहिले. काहींत माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, काहींत नाकातून. एका जोडीत तो जसा आहे तसा आला, अक्षर न् अक्षर सुटं. हीच चांगली जोडी, ह्यात मला शंका नव्हती. आणि मागे काही नव्हतं. मी समाधानानं ती विद्यार्थ्याच्या कानांवर चढवली. त्यानं अर्धंच वाक्य ऐकलं. "ही पाहा, पाखडून राह्यली," तो म्हणाला.

म्हणजे हेडफोन चांगले होते. ते मी घेतले.

मग डब्या. कॉम्प्युटरच्या पोटातलं साउंड कार्ड हलकं असलं की फुसफुस तिथूनच येते, म्हणून माइक बाहेरच्या डबीला जोडायचा. पहिली डबी जोडली. मी माइकसमोर गप्प बसले, तो ऐकत राहिला. नाही, म्हणाला. दुसरी डबी देखणी होती, दुकानदार तिचीच शिफारस करत होता, आणि विद्यार्थ्याची गावी परत जायची गाडी निघायला थोडाच वेळ होता. त्यानं ऐकलं. मान हलवली. मी विचारलं, चालेल ना? "चालंन, मॅडम. पण साफ नाही." किती सरळ म्हणाला. त्याची परीक्षा जवळ आली आहे, माझ्याकडची अजून तीन पुस्तकं त्याला हवी आहेत, मला नाराज करणं त्याला परवडण्यासारखं नाही. तरी म्हणाला. दुकानदार कुरकुरत माळ्यावर चढला आणि तिसरी डबी काढली. ती छोट्या स्पीकरांनाही जोडून झाली. विद्यार्थी हेडफोन घालून कितीतरी वेळ तसाच बसला. मग हसला. "आता कोणीच नाही," म्हणाला.

आज सकाळी नव्या डबीवर पहिलं प्रकरण वाचलं आणि त्याला पाठवलं. साफ आहे, असा त्याचा निरोप आला. मी जुनं आणि नवं पुन्हा पुन्हा ऐकलं. मला दोन्ही सारखीच ऐकू येतात. हे मी त्याला सांगितलेलं नाही. हे पत्रही मोठ्यानं वाचून ठेवावं असं मनात आलं, माइक जोडलेलाच होता. मग ते कागदावरच ठेवलं.

त्या दिवशी साफ नव्हतं, बाबा. मला ऐकू आलं होतं.

आणि आणखी एक. काल तो तिसरी डबी ऐकत होता तेव्हा मी एका स्पीकरवर तळहात ठेवून उभी होते. तळहाताला असला आवाज कळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. विद्यार्थ्याला ते दिसणार नव्हतं. दुकानदारानं पाहिलं आणि काही न बोलता डबी बांधायला घेतली.